अर्धा इंच माया

माझ्या सासूबाईंना गणित येत नाही. बस कितव्या नंबरची आली हे त्या शेजारच्या माणसाला विचारतात, आणि रेडिओचा आवाज वाढवायला गेल्या की हमखास तो बंद करून ठेवतात. तर या बाईनं मंगळवारी दुपारी, माझ्या शिवणाच्या खोलीत जमिनीवर फतकल मारून, शेजारी चहाचा कप ठेवून, माझी अकरा वर्षं पाच मिनिटांत उलटीपालटी केली. मी अजून सावरलेली नाही.

पण नीट पहिल्यापासून सांगते, नाहीतर माझं म्हणजे आधी कळस मग पाया व्हायचं.

मी शिवते. घराच्या पुढच्या खोलीत दोन मशिनं, एक लांब टेबल, भिंतीवर दोऱ्यांची रिळं. गणवेश, पिशव्या, पडदे, जे येईल ते. कापून द्यायला वेगळा माणूस येतो, त्याला सगळे मास्तर म्हणतात. मी स्वतः कापत नाही. ही सवय बाबांची. बाबाही कटिंग मास्तरच, बेचाळीस वर्षं. आमच्या दुकानाचा कायदाच होता की कापणं त्यांचं आणि शिवणं माझं. एकानं दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही.

गेल्या आठवड्यात आमचा मास्तर जिन्यावरून घसरला आणि हात गळ्यात अडकवून घरी बसला. नेमकी तेव्हाच मैदानावरच्या स्पर्धांची ऑर्डर आली, पिवळ्या तिकोनी पताका, तीनशे. म्हटलं, त्रिकोण कापायला काय मोठी अक्कल लागते? मी आपली शहाणी. आधी सगळ्या कापडाचे लांबट चौकोन कापले. शाळेत त्याला आयत म्हणायचे. बारा इंच रुंद, सोळा इंच उंच. मग वरच्या कडेवर मधोमध खूण, खुणेपासून खालच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत रेघ, आणि कचाकच. मधला त्रिकोण टोपलीत, दोन बाजूंचे दोन तुकडे जमिनीवर.

सासूबाई खाली बसून ते तुकडे गोळा करत होत्या. त्यांना उशीत भरायला कात्रणं लागतात. आमच्या घरात त्यांच्या हातच्या एवढ्या उशा आहेत की माणसांना बसायला जागा नाही.

"अगं, ही बघ," त्या म्हणाल्या, "अजून एक पताका."

"कसली पताका? कात्रणं आहेत ती."

"तुझ्या टोपलीतली एक दे बरं इकडं."

मी दिली. त्यांचं समाधान करून मोकळं व्हावं, एवढाच हेतू. त्यांनी दोन बाजूंचे दोन तुकडे पाठीला पाठ लावून ठेवले होते. म्हणजे ज्या सरळ उभ्या कडा चौकोनात बाहेरच्या होत्या, त्या आता आत, एकमेकींना चिकटून. टोक खाली. माझी पताका त्यांनी फिरवून, तिचंही टोक खाली करून, वर ठेवली.

ती बसली. कुठं सूतभर कमी नाही, सूतभर जास्त नाही.

"योगायोग असेल," मी म्हणाले. तीनशे पताका कापायला बसलेली बाई, आणि तोंडातून हे निघालं! दुसरे दोन तुकडे उचलले. बसले. मग एक वाकडी पताका शोधून काढली. तिची वरची खूण मधोमध न पडता चांगली दोन बोटं सरकली होती. म्हटलं, ही तरी फसेल. तिचे तुकडे मिळवले, पाठीला पाठ लावली, वर पताका ठेवली. तीही बसली.

"त्यात काय एवढं डोळे फाडण्यासारखं?" सासूबाई म्हणाल्या. "निम्मं तुझ्या टोपलीत जातंय, निम्मं माझ्या मांडीवर येतंय. मधलं नि बाजूचं सारखंच. आणि तू माझ्या वाट्याला कचरा म्हणतेस."

माझ्या हातातली कात्री पडली. पायावर पडली नाही एवढंच नशीब.

निम्मं. मधलं तेवढंच, बाजूचं तेवढंच.

आता अकरा वर्षं मागं जावं लागेल. माझ्या आईनं एक कापड विणलं होतं. घरच्या मागावर, गडद निळ्या लोकरीचं, लांबी ऐंशी इंच, पन्हा चाळीस. आठ महिने विणत होती. शेवटी शेवटी ती आजारी होती, पण मागावरून कापड उतरवल्याशिवाय ती अंथरुणाला टेकली नाही. टेकली ती पुन्हा उठलीच नाही. जाण्याआधी तिनं बाबांना एवढंच सांगितलं होतं की दोन्ही मुलींना एकेक शाल निघाली पाहिजे, ती स्वतः पांघरायची तशी तिकोनी.

आई गेल्यावर महिन्याभरानं बाबांनी ते कापड टेबलावर पसरलं. मी होते, ताई होती. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, दवाखान्यात नर्स. तिला शिवणातलं ओ की ठो कळत नाही. दुकानात ती आली तर फक्त जेवायला हाक मारायला. बाबांनी खडूनं रेघा मारल्या आणि तोंडातून एक शब्द न काढता कापड कापलं. मधला मोठा त्रिकोण घडी करून ताईच्या हातात दिला. बाजूचे दोन तुकडे माझ्या हातात.

मी तुकड्यांकडं पाहिलं. आखूड, एका बाजूनं तिरपे. त्यांची टोकंसुद्धा धड नव्हती, बोथट, पेन्सिलीला टोक काढताना मधेच सोडून द्यावं तशी.

"तिला अख्खी शाल आणि मला कात्रणं?" मी म्हणाले.

बाबा कात्री पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "जुळवून घे."

बस्स. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. जुळवून घे! हा शब्द मी जन्मभर ऐकत आले होते. ताईला नवे बूट, मला ताईचे जुने, जुळवून घे. ताईला पुढं शिकायचंय, तू दुकान सांभाळ, जुळवून घे. लग्नानंतर नवऱ्याशी खटका उडाला, जुळवून घे. आणि आता आई गेली, तिच्या हातचं शेवटचं कापड, त्यातही धाकटीनंच जुळवून घ्यायचं?

"बाबा," मी म्हणाले, "तुमचं मापच चुकलं."

माझ्या मनात माप म्हणजे न्याय होता. दोन मुलींना तोलायचं माप. मी तुकडे फडक्यात बांधले, गाठ मारली, निघाले. त्या घराची पायरी पुन्हा चढले नाही. फोन यायचा तो ताईचा, तोही वर्षातून चार वेळा. बाबा आता तिच्याकडंच असतात. मागच्याच रविवारी ती म्हणाली होती, "ते ब्याऐंशीचे झाले गं. हल्ली धड जेवतही नाहीत. एकदा येऊन जा." मी म्हणाले, "कात्रणांना कोण बोलावतं?" आणि फोन ठेवला. हे मीच म्हणाले, दुसरं कुणी नाही.

कुणी म्हणेल, तू शिवणारी बाई, दोन तुकडे जोडून काय होतं हे तुला कळू नये? परक्याच्या कापडात मला एका नजरेत कळलं असतं. इथं मी नजर टाकलीच नाही. गाठोडं अकरा वर्षं कपाटाच्या वरच्या कप्प्यात होतं आणि मी गाठ सोडली नाही. मात्र दर वर्षी न चुकता बाहेरून डांबराच्या गोळ्या बदलत आले. राग एवढा होता तर गोळ्या कशाला, असं सासूबाई मंगळवारीच म्हणाल्या.

मी स्टुलावर चढले, गाठोडं खाली घेतलं. गाठ सुटेना, दातानं सोडवली. पताका ढकलून टेबलावर जागा केली आणि दोन्ही तुकडे पाठीला पाठ लावून मांडले.

शाल. समोर शाल होती. ऐंशी इंच पायाची, खाली टोक असलेली, आई पांघरायची तशीच. सासूबाई काही बोलल्या, मला ऐकू आलं नाही.

मग एकेक गोष्ट दिसत गेली. कापड आडवं अर्धं केलं असतं तर पांघरायला आखूड पडलं असतं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपं कापलं असतं तर शिवण कुणालाच लागली नसती, पण टोक पाठीच्या मधोमध न पडता एका खांद्याला लोंबलं असतं, आणि बाबांना वाकडं काही खपत नसे. म्हणजे दोन सरळ शाली हव्या तर एकीला शिवण घ्यावीच लागणार. ती कुणी घ्यायची? जिला सुईत दोरा ओवता येत नाही तिनं, की जिची शिवण दुकानातली गिऱ्हाइकं भिंग लावून शोधायची तिनं?

आणि पुढचं तर मला बोलवतच नाही. माझ्या दोन सरळ कडा म्हणजे कापडाची दोन टोकं होती. एक, जिथं आईनं विणायला सुरुवात केली, घट्ट, ठोकून ठोकून बसवलेली वीण. दुसरं, जिथं तिचा हात थांबला. तिथली वीण सैल होती, बोटाखाली नुसती मऊ. ताईच्या वाट्याला मधलं आलं. माझ्या वाट्याला आईची सुरुवातही आली आणि शेवटही.

मी कापड उलटं केलं. दोन्ही सरळ कडांपासून आत अर्ध्या इंचावर खडूची रेघ होती. अकरा वर्षांत फिकट झाली होती, पण होती. शिवणीत दाबायला कडेनं जे जास्तीचं कापड ठेवतात, त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात. बाबांनी मला अर्धा-अर्धा इंच माया सोडली होती. म्हणून टोकं बोथट होती! रेघेवरून शिवलं की ती आपोआप टोकदार होणार होती. आणि हा अर्धा-अर्धा इंच आला कुठून? कापड तर तेवढंच. तो ताईच्या शालीतून आला होता. दोन्ही बाजूंनी. म्हणजे शिवून झाल्यावर माझी शाल एकोणऐंशी इंच आणि ताईची कापतानाच एकोणऐंशी इंच.

जुळवून घे, ते म्हणाले होते. चौकड्याचं कापड शिवताना रोज म्हणायचे. खिसा लावताना म्हणायचे. जुळवून घे म्हणजे कडेला कड लाव आणि शीव. बाबांना कात्रीपलीकडची भाषा येतच नव्हती, आणि मी त्या एका शब्दावर बाप टाकला.

बुधवारी सकाळी उजाडताच मी मशिनवर बसले. घट्ट कडेला सैल कड जोडणं सोपं नसतं, सैल कड लांबत जाते आणि शेवटी सुरकुती पडते. मी सैल बाजू खाली, मशिनच्या कापड पुढं सरकवणाऱ्या दात्यांकडं घेतली, म्हणजे दाते ती गोळा करत नेतात. चाळीस इंचांची शिवण, एरवी दोन मिनिटांचं काम. मला पाऊण तास लागला. डोळे पुसायला थांबावं लागत होतं, लोकरीवर पाणी पडू नये म्हणून.

"पताकांचं काय?" सासूबाई म्हणाल्या.

"पताका गेल्या खड्ड्यात!"

"बरं. मी कापते," त्या म्हणाल्या, आणि खरंच कात्री घेऊन बसल्या. मला अडवायचंही सुचलं नाही.

दुपारी ताईनं तिच्या घराचं दार उघडलं आणि मला पाहून एक पाऊल मागं गेली. केस पांढरे झाले होते तिचे. मी दारातच शाल उलगडली.

तिनं तोंडावर हात ठेवला. "ही कुठली?"

"माझी. त्या दोन तुकड्यांची. तुझी कुठंय?"

तिनं आतून आणली. अकरा वर्षांची घडी तशीच होती. कडासुद्धा दुमडलेल्या नव्हत्या. "बाबा म्हणाले होते, कडा धाकटी दुमडून देईल," ती म्हणाली. "मग मी पांघरणार कशी?"

आम्ही बाहेरच्या खोलीत जमिनीवर तिची शाल पसरली आणि वर माझी. ताई चारही बाजूंनी फिरून आली. एकदा खाली वाकून बोटानं कड चाचपली.

"सारखी आहे," ती म्हणाली. "पण मला तर तुझ्या दुप्पट दिली होती."

"तुलाही असंच वाटत होतं?"

"अगं, दिसत होतं ना! लाज वाटायची मला त्या शालीची." ती खाली बसली. "आणि बाबा तर म्हणाले होते, त्यांनी तुझी माया सोडली म्हणून."

"काय म्हणाले?"

"तू गेलीस त्या दिवशी. सारखं तेच. 'मी माया सोडली होती, तिची माया सोडली होती.' मला वाटलं, रागानं म्हणतायत, धाकटीवरची माया सोडली. मी तुला कधी सांगितलं नाही. म्हटलं, आधीच तुटलंय, त्यात हे कशाला?"

मी उठले, माझी शाल उलटी केली, शिवणीतला दाबलेला अर्धा इंच तिला दाखवला आणि सांगितलं, "ताई, याला माया म्हणतात." एवढंच सांगितलं. ती नर्स आहे, माणसं मरताना पाहिलेली बाई आहे. पण तिचा चेहरा असा पांढरा पडलेला मी आई गेली तेव्हाही पाहिला नव्हता.

"मग कात्री का ठेवली त्यांनी?" ती हळूच म्हणाली.

"कसली कात्री?"

"तुला माहीत नाही? तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी कात्री फडक्यात गुंडाळून ठेवली. पुन्हा कापडाला हात लावला नाही. म्हणाले, बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा माप चुकलं, तेही तुमच्या आईच्या कापडावर."

माझं वाक्य होतं ते. तुमचं मापच चुकलं. मी न्यायाचं बोलले होते आणि त्यांनी इंचाचं ऐकलं होतं. त्यांना वाटलं, तुकडे जुळत नाहीत. म्हणून मुलगी गेली.

बाबा आतल्या खोलीत खिडकीशी खुर्चीत बसले होते. किती लहान झाले होते. मी पायाशी बसले, त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग नजर माझ्या हातातल्या निळ्या कापडावर गेली. त्यांनी हात पुढं केला. मी शाल मांडीवर ठेवली.

त्यांनी शिवणीवरून अंगठा फिरवला, वरपासून खालपर्यंत, सावकाश.

"सैल बाजू खाली घेतलीस?"

"हो. दात्यांकडं."

"हं."

ताईनं तिची शाल आणून वर ठेवली. बाबांनी दोन्हींची टोकं एकत्र चिमटीत धरून पाहिली. पहिलं, दुसरं, तिसरं. तिसरं, शिवणीकडचं, पुन्हा एकदा तपासलं.

"म्हणजे माप चुकलं नव्हतं," ते म्हणाले.

"नव्हतं, बाबा. चुकलं ते माझं..."

त्यांनी हातानं थांबवलं. माझं ऐकण्यात त्यांना रस नव्हता. "तू म्हणालीस ना चुकलं," ते म्हणाले, "तेव्हापासून रोज मनात ते कापड परत कापतोय. ऐंशी बाय चाळीस. अर्धा इंच इकडं, अर्धा इंच तिकडं. रोज बरोबर येतं. कुठं चुकलं ते सापडतच नव्हतं."

ताई भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. शिवणीच्या शेवटी एक दोरा लोंबत होता, माझ्याच घाईत राहिलेला. बाबांनी तो बोटाला गुंडाळला, ताणून पाहिला आणि कपाळाला आठी घातली, दुकानात घालायचे तशीच.

"दोरा राहिलाय," ते म्हणाले. "माझी कात्री आण."

मी उठले. ती कुठं ठेवलीय, हे मला ताईला विचारावं लागलं.